गेम डिझाइनचं कॉलेज कसं निवडायचं: आधी तिथल्या मुलांचे गेम खेळून बघा

‘ॲनिमेशन, व्हीएफएक्स अँड गेमिंग’ अशा जोडनावाचे कोर्स आता पुण्या-मुंबईतच काय, जिल्ह्याच्या गावीही दिसू लागलेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गेमिंग हा शेवटच्या सत्रातला एखादा विषय असतो. बाकी सगळा वेळ मॉडेलिंग, फोटोशॉप आणि व्हिडिओ एडिटिंगमध्ये जातो. मुलाच्या हे लक्षात येतं तेव्हा दोन वर्षांची फी भरून झालेली असते. म्हणून माहितीपत्रक, समुपदेशकाची बैठक आणि भिंतीवरचे कंपन्यांचे लोगो या सगळ्याच्या आधी एक गोष्ट मागायची: शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पूर्ण केलेले, आपल्या लॅपटॉपवर चालवून बघता येतील असे गेम. कॉलेज प्रत्यक्षात काय शिकवतं ते त्यात दिसतं. हे गेम कसे बघायचे आणि त्याच्या आगेमागे काय तपासायचं, ते क्रमाने पाहू.

आधी स्वतःची तपासणी: डिझाइन, आर्ट की प्रोग्रॅमिंग?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. मराठीत ‘डिझाइन’ म्हटलं की नक्षी, चित्र, कपडा डोळ्यांसमोर येतो. गेम डिझाइन म्हणजे नियम ठरवणं. खेळाडूला किती जीव द्यायचे, उडी किती उंच, शत्रू किती सेकंदांनी येणार, कुठे तो हरला तरी पुन्हा खेळावंसं वाटेल, हे ठरवण्याचं काम. पात्रं, घरं, झाडं काढणं आणि घडवणं हे गेम आर्ट. हे सगळं संगणकावर चालेल असा कोड लिहिणं हे गेम प्रोग्रॅमिंग. स्टुडिओत या तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत, त्यांच्या मुलाखती वेगळ्या आणि त्यांना लागणारं शिक्षणही वेगळं.

आपला ओढा कुठे आहे ते घरच्या घरी बघता येतं. लगोरी घ्या. सात चकत्या, एक चेंडू, दोन संघ. नेहमीच्या नियमांनी पाच डाव खेळा आणि वहीत लिहा: डाव किती मिनिटं चालला, कोण जिंकलं, कोण कंटाळून बाजूला उभं राहिलं. मग एकच गोष्ट बदला. चकत्या चार करा आणि पुन्हा पाच डाव. लगोरी इतक्या लवकर रचून होते की चेंडू हातात येईपर्यंत खेळ संपलेला असतो. आता चकत्या बारा करा. रचता रचता थर आपोआप ढासळतो आणि दर वेळी रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करणारा संघच जिंकतो. मग बारा चकत्या तशाच ठेवून बाद करणाऱ्या संघाची चेंडू मारायची रेघ दोन पावलं मागे न्या, किंवा चेंडू घेऊन पळायला मनाई करा, आणि तोल परत येतो का ते बघा. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

दोन तासांनी जो मुलगा किंवा मुलगी वही घेऊन म्हणते, ‘आता नऊ चकत्या करून बघू’, तिचा पिंड डिझायनरचा. जिला त्या चकत्यांवर काय कोरलेलं असावं ते काढावंसं वाटतं, तिने आर्टकडे बघावं. चेंडू चकतीला लागल्यावर ती नेमकी कशी उडते, हे संगणकावर कसं आणायचं याचा विचार जिच्या डोक्यात सुरू होतो, तिने प्रोग्रॅमिंगकडे. आणि दिवसभर गेम खेळायला आवडणं ही वेगळी गोष्ट आहे. त्या आवडीवरून या तिन्हीपैकी काहीच ठरत नाही.

कुणी कुठला रस्ता धरावा

प्रोग्रॅमिंगकडे कल असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: चांगलं संगणकशास्त्र शिका आणि गेम सोबत बनवत राहा. एमएचटी-सीईटी किंवा जेईईतून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए. बीसीएसाठी महाराष्ट्रात २०२४ पासून वेगळी सीईटी आहे, ती द्यायची राहून गेली तर वर्ष हुकू शकतं. गेमच्या कोडला सदिश, मॅट्रिक्स आणि त्रिकोणमिती रोज लागते. कॅमेरा वळवायचा तरी त्याच्यामागे हेच गणित. ‘गेम प्रोग्रॅमिंग’ नावाच्या एखाद्या कोर्समध्ये डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस आणि लिनिअर अल्जिब्रा हे तीन विषय नसतील, तर तो सोडून द्या. शिवाय संगणकाच्या पदवीला गेमच्या बाहेरही दारं उघडी असतात. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली, हे लक्षात घेता ती सोय मोलाची आहे.

आर्टसाठी हाताने काढायची सवय लागते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या असतील तर पाया तयार आहे. जे.जे.सारख्या ठिकाणची बीएफए किंवा ॲनिमेशनची चांगली पदवी, आणि शरीररचना, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), रंग यांचा रोजचा सराव. मुलाखतीत पदवीच्या कागदाआधी पोर्टफोलिओ उघडला जातो.

निव्वळ डिझाइनच्या जागा या तिन्हींत सगळ्यात कमी. नव्या मुलांना आत शिरायला मिळतं ते बहुतेक वेळा गेम टेस्टर, ज्युनिअर लेव्हल डिझायनर (गेमच्या पातळ्या रचणारा) किंवा छोट्या स्टुडिओत चार कामं करणारा माणूस म्हणून. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला तो छोट्या चमूच्या जोरावर. अशा ठिकाणी ‘मी फक्त कल्पना सांगतो’ म्हणणाऱ्याला काम नसतं. तेव्हा डिझाइनचा कोर्स निवडताना त्यात स्क्रिप्टिंग (गेमसाठी छोटा कोड लिहिणं) किंवा थ्रीडी यांपैकी एक हस्तकौशल्य चार सत्रं तरी सलग शिकवतात का, हे बघाच.

ठिकाणं कुठली कुठली

बारावीनंतर बी.डेस. म्हणजे डिझाइनची पदवी करायची तर यूसीड ही प्रवेश परीक्षा महत्त्वाची. ती आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते, अर्ज आदल्या ऑक्टोबरात सुरू होतात. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेला चालते, पण लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदाच देता येते. भाग अ संगणकावर दोन तास, भाग ब कागदावर चित्र काढायचा एक तास. प्रश्नपत्रिका इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासूनच जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात. अवघड शब्दांपेक्षा प्रश्न वाचून समजायला लागणारा वेळच जास्त नडतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात गेम डिझाइनची वेगळी पदवी नाही, पण इंटरॅक्शन आणि ॲनिमेशन यांचा पाया तिथे पक्का होतो.

खास गेमची सरकारी पदवी हवी असेल तर एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) बंगळूरू कॅम्पसवर एम.डेस. डिजिटल गेम डिझाइन आहे. ती पदव्युत्तर आहे, म्हणजे आधी पदवी हवी आणि एनआयडीची डॅट परीक्षा द्यावी लागते. आमच्या मते मराठी मुलांनी या वाटेचा अधिक विचार करावा: आधी इंजिनीअरिंग, बीएफए किंवा बी.डेस. आणि मग दोन-तीन स्वतःचे गेम हातात घेऊन इथे अर्ज. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी आपल्याला काय करायचंय ते अठराव्यापेक्षा बरंच नीट कळलेलं असतं.

फक्त गेमवर उभ्या असलेल्या खासगी संस्थाही आहेत, जसं हैदराबादचं बॅकस्टेज पास किंवा चेन्नई-बंगळूरूकडचं आयकॅट. पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांतही गेमच्या नावाच्या पदव्या निघाल्यात. मुंबईत केंद्र सरकारच्या पुढाकाराने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था २०२५ मध्ये पेडर रोडच्या एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) आवारात सुरू झाली, आणि तिचा मोठा कॅम्पस गोरेगावच्या चित्रनगरीत व्हायचा आहे. संस्था नवी असली की माजी विद्यार्थी नसतात, म्हणून खाली दिलेली गेम खेळून बघायची कसोटी तिथे लावता येत नाही. तिथे शिकवणारी माणसं कोण आणि शेवटी हातात पदवी मिळणार की प्रमाणपत्र, या दोन प्रश्नांवर जास्त जोर द्या.

अभ्यासक्रमाचा कागद कसा वाचायचा

माहितीपत्रकात विषयांची नावं असतात, श्रेयांक (क्रेडिट) नसतात. सत्रवार श्रेयांकांचा तक्ता मागा. विद्यापीठाचा कोर्स असेल तर तो त्यांच्याकडे असतोच. ‘अजून अपडेट होतोय’ असं उत्तर आलं तर गेल्या वर्षीचा द्या म्हणावं.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६ श्रेयांक असतात, म्हणजे सत्राला साधारण २२. एक श्रेयांक म्हणजे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. हे दोन आकडे लक्षात ठेवले की कागद बोलायला लागतो.

समजा एका कॉलेजचं तिसरं सत्र असं आहे: थ्रीडी मॉडेलिंग ६, टेक्स्चरिंग ४, डिजिटल पेंटिंग ४, व्हिडिओ एडिटिंग ४, गेम डिझाइनची ओळख २, पर्यावरण अभ्यास २. इथे २२ पैकी २ श्रेयांक गेमचे, तेही व्याख्यानाचे. अख्ख्या सत्रात तीस तास. हा ॲनिमेशनचा कोर्स आहे, नाव काहीही असो. ॲनिमेशनच शिकायचं असेल तर तो चांगलाही असू शकेल.

दुसऱ्याचं तिसरं सत्र: सी शार्प प्रोग्रॅमिंग ४, लेव्हल डिझाइन ४, सांघिक गेम प्रकल्प ६, खेळाडूचं मानसशास्त्र आणि प्लेटेस्टिंग ३, थ्रीडी ॲसेट ३, पर्यावरण अभ्यास २. बेरीज तीच २२. पण इथे सांघिक प्रकल्पाला १८० तास मिळाले, आणि प्लेटेस्टिंग, म्हणजे परक्या माणसाला आपला गेम खेळायला देऊन गप्प बसून बघणं, हा स्वतंत्र विषय आहे. ज्या कोर्समध्ये हा विषय आहे तो बनवणाऱ्या माणसाला काम ठाऊक आहे, असं धरून चालायला हरकत नाही.

संपूर्ण पदवीत संघाने गेम पूर्ण करण्याला किमान चौथा हिस्सा श्रेयांक मिळावेत असं आम्ही मानतो, म्हणजे १३२ पैकी ३३. आणि पहिला सांघिक प्रकल्प पहिल्याच वर्षी हवा. सगळे प्रकल्प शेवटच्या वर्षावर ढकलले की मुलं एकमेकांसोबत काम करायला तिथे पहिल्यांदा शिकतात आणि त्याच वेळी नोकरीही शोधत असतात. दोन्ही अर्धवट राहतं.

आणखी एक गोष्ट: पूर्ण कोर्स एकाच इंजिनाभोवती, म्हणजे गेम बनवायच्या एकाच सॉफ्टवेअरभोवती, बांधलेला नसावा. युनिटी या इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल त्यावर शुल्क लावायची घोषणा केली, तेव्हा अनेक छोटे स्टुडिओ गोडो या फुकट इंजिनाकडे वळले. वर्षभराने युनिटीने ती मागे घेतली. नियम, गणित, प्रोटोटाइप, चाचणी हे ज्याला येतं तो महिन्या-दीड महिन्यात इंजिन बदलतो. ज्याला फक्त मेनू कुठे आहे ते शिकवलंय, तो अडकतो. एका इंजिनात खोल काम आणि दुसऱ्याची ओळख, एवढं पुरे.

मुलांचे गेम खेळून बघणं

शेवटच्या वर्षाचे तीन गेम मागा: एक त्यांना सर्वांत चांगला वाटतो तो, एक मधला, आणि एक दोन वर्षांपूर्वीचा. फक्त पहिला दिला तर ती कॉलेजच्या सगळ्यात हुशार मुलाची कामगिरी असते, आणि तो मुलगा कुठेही चमकला असता. मधला गेम कॉलेजचं काम दाखवतो. व्हिडिओ दाखवला तर नम्रपणे सांगा की खेळायला हवाय. बऱ्याच कॉलेजांची मुलं इच डॉट आयओ या संकेतस्थळावर गेम ठेवतात, तिथूनही उतरवता येतात.

आता बघायचं काय? गेम दुसऱ्या संगणकावर उघडतो का, हे आधी. ‘कॉलेजच्या पीसीवर चालतो’ याचा अर्थ बिल्ड, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणारी तयार प्रत, बनवायला कुणी शिकवलेलं नाही. पहिली दोन मिनिटं कुणाला काही न विचारता खेळा. काय करायचं ते कळलं का? मुद्दाम हरा. पुन्हा सुरुवात लगेच होते की अख्खा गेम बंद करून उघडावा लागतो? भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन कॅमेरा फिरवा, तो भिंतीतून आरपार गेला तर चाचणी झालेली नाही. पॉज दाबा, आवाज कमी करायची सोय शोधा. या बारीकसारीक गोष्टींना शेवटचे काही आठवडे जातात, आणि ते आठवडे कोर्सने दिले होते की नाही ते इथे उघडं पडतं.

मग श्रेयनामावली वाचा. पाच जणांची नावं आणि प्रत्येकासमोर वेगळं काम असेल तर संघ खरा होता. एकाच नावासमोर सगळी कामं असतील तर बाकीच्यांनी त्याच्या जिवावर गुण घेतले असण्याची शक्यता मोठी. तिन्ही गेममध्ये अनरील या इंजिनासोबत फुकट मिळणारा तोच राखाडी पुतळा धावत असेल, उड्याही त्याच, तर मुलांना साच्यावर सोडून दिलं होतं असं समजा. पहिल्या वर्षी पुतळा चालतो, शेवटच्या वर्षी त्याच्या जागी काहीतरी स्वतःचं हवं.

शक्य झालं तर बनवणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारा: ‘यातून काय काढून टाकलंत आणि का?’ ज्याने खरोखर काम केलंय तो थांबतच नाही. दुसरी पातळी लांबत होती, मल्टिप्लेअर झेपला नाही, पाच जणांना खेळायला दिला तेव्हा तिघं पुलापाशी अडकले म्हणून पूल हलवला, असं घडाघडा सांगतो. ज्याला या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही, त्याच्या गेमला वर्गाबाहेरच्या माणसाने हात लावलेला नसतो.

शिकवणारे आणि प्रयोगशाळा

शिक्षकांची नावं मागा. मग ती नावं मोबीगेम्स या गेमच्या श्रेयनामावल्यांच्या संकेतस्थळावर किंवा लिंक्डइनवर शोधा. कुणाचं नाव बाजारात आलेल्या एखाद्या गेमच्या श्रेयनामावलीत आहे का? सगळ्यांचं असायला हवं असं नाही. गणित शिकवणाऱ्याला त्याची गरज नाही. पण डिझाइन आणि प्रकल्प घेणाऱ्यांपैकी दोघांनी तरी गेम पूर्ण करून बाजारात आणलेला असावा. त्याच कॉलेजातून गेल्या वर्षी पास झालेली मुलंच यंदा शिकवत असतील तर थांबून विचार करा.

वर्गात किती मुलं? साठ मुलांचे पाच-पाचचे बारा संघ होतात. प्रत्येक संघाला आठवड्याला पंधरा मिनिटं द्यायची म्हटली तरी शिक्षकाचे तीन तास फक्त त्यात जातात. वेळापत्रकात ते तीन तास दाखवा म्हणावं. दिसले नाहीत तर प्रकल्पावर कुणी बोलत नाही, फक्त शेवटी गुण पडतात.

प्रयोगशाळेत एखाद्या मशीनचे तपशील स्वतः उघडून बघा. अनरील इंजिन ५ साठी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड असावं अशी बनवणाऱ्यांचीच शिफारस आहे. १६ जीबीवर चालतं, पण प्रकाशयोजना बदलली की मुलं चहा पिऊन येतात. प्रयोगशाळा संध्याकाळी पाचला बंद होते की रात्री नऊपर्यंत उघडी असते, तेही विचारा. आणि हे नक्की: संघ आपलं काम एकत्र कसं ठेवतात? गिट किंवा परफोर्स (प्रत्येक बदलाची नोंद ठेवून सगळ्यांच्या फाइली एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर) असं उत्तर हवं. पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर फाइली फिरत असतील तर कधीतरी एकाची जुनी फाइल दुसऱ्याच्या नव्या कामावर बसते आणि तीन आठवड्यांचं काम जातं. स्टुडिओत पहिल्या दिवसापासून ही शिस्त लागते, ती नसलेला मुलगा लगेच ओळखू येतो.

मान्यता: पदवी नेमकी कुणाची?

तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या. पदवीवर कुठल्या विद्यापीठाचं नाव छापलं जातं? हा कॅम्पस त्या विद्यापीठाचा स्वतःचा की भागीदार संस्थेचा? परीक्षा कोण घेतं? मग यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची यादी आणि बोगस विद्यापीठांची यादी, दोन्ही बघा.

खासगी राज्य विद्यापीठाला दुसऱ्या राज्यात फ्रँचायझी देऊन केंद्र चालवता येत नाही. तरी ‘आमचा डिप्लोमा, पदवी अमुक राज्यातल्या विद्यापीठाची’ असे प्रस्ताव येतात. अशा पदवीवर पुढे एमपीएससी द्यायची, परदेशी मास्टर्सला अर्ज करायचा किंवा शैक्षणिक कर्ज काढायचं म्हटलं की अडचण उभी राहते. बी.डेस., बीएस्सी, बीसीए, बीएफए, बी.व्होक. ही यूजीसीला ठाऊक असलेली नावं आहेत. ‘इंटरनॅशनल प्रोफेशनल डिग्री इन गेमिंग’ असं काही दिसलं तर ते प्रमाणपत्र आहे असं धरा.

डिप्लोमा वाईट असतो असं मुळीच नाही. हातात आधीच पदवी आहे आणि वर्षभरात थ्रीडी किंवा लेव्हल डिझाइन पक्कं करायचंय, तर चांगला डिप्लोमा पदवीपेक्षा उपयोगी. बारावीनंतरची एकमेव शिदोरी म्हणून तो घेताना मात्र घरच्यांशी नीट बोलून घ्यावं.

प्लेसमेंटची यादी

‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ यातल्या असिस्टन्स या शब्दाचा अर्थ सीव्ही पाठवून देतो इतकाच होतो. आकडा हवा तो असा: दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये किती मुलं होती, त्यातली आज गेम कंपनीत किती. कॉलेज सांगेल ते ऐकून घ्या आणि लिंक्डइनवर स्वतः मोजा. कॉलेजचं नाव आणि वर्ष टाकून माजी विद्यार्थी बघा, प्रत्येकाचं पद वाचा. गेम डिझायनर, लेव्हल डिझायनर, क्यूए टेस्टर (गेममधले दोष शोधणारा), टेक्निकल आर्टिस्ट हे मोजायचे. सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे वेगळे. अर्ध्या तासाचं काम आहे.

याद्या वाचताना तारीख बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आली. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट चालवणाऱ्या कंपन्या त्याआधी भरपूर मुलं घेत असत. २०२३-२४ च्या यादीत याच कंपन्यांची नावं जास्त असतील तर ती यादी आज जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यांच्याऐवजी खेळ बनवणाऱ्या स्टुडिओंची नावं शोधा: पुण्यात युबिसॉफ्ट, सुमो, सुपरगेमिंग, मुंबईत युबिसॉफ्टचा दुसरा स्टुडिओ, बंगळूरूत रॉकस्टार आणि झिंगा, हैदराबादेत ईए. नाव दिसलं तरी विचारा, काम कुठलं मिळालं आणि इंटर्नशिप पगारी होती का.

पैशांचा हिशेब

फीचा आकडा एकटा बघू नका. समजा फी वर्षाला ३ लाख, कोर्स चार वर्षांचा: १२ लाख. वसतिगृह आणि मेस वर्षाला १ लाख २० हजार धरलं तर ४ लाख ८० हजार. लॅपटॉप साधारण १ लाख. परीक्षा फी, प्रवास, किरकोळ ५० हजार. बेरीज १८ लाख ३० हजार. त्यातली फी कर्जाने भरली, साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत, तर हप्ता महिन्याला सुमारे १६,२०० रुपये बसतो. शिकत असताना चढलेलं व्याज त्यात धरलेलं नाही, ते भरत गेला नाहीत तर हप्ता आणखी वाढतो. सुरुवातीला टेस्टरचं काम लागलं तर हा हप्ता निघेल का, हे घरी बसून एकदा स्पष्ट बोला. केंद्राच्या पतहमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, पण बँक आधी कोर्सची मान्यता विचारते.

फी दर वर्षी किती टक्के वाढणार ते लेखी घ्या. लॅपटॉप पहिल्याच दिवशी महागडा घेऊ नका. पहिलं वर्ष साध्या मशीनवर निघतं. गोडो इंजिन तर दोनशे एमबीपेक्षाही लहान आहे आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं.

परदेशी जायचं असेल तर

डंडीच्या ॲबर्टे विद्यापीठात कॉम्प्युटर गेमची पदवी १९९७ पासून आहे. नेदरलँड्समध्ये ब्रेडा, जर्मनीत कलोन गेम लॅब, अमेरिकेत रेडमंडचं डिजिपेन आणि पदव्युत्तरसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाचं ईटीसी (एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटर) ही परिचित नावं. डिजिपेनच्या संगणकशास्त्राच्या पदवीत गणिताचा भार जबरदस्त असतो, ‘गेमचं कॉलेज’ म्हणून हलकं समजू नये. अमेरिकेत शिक्षणानंतर कामाला साधारण १२ महिने मिळतात, आणि कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) वर्गात असेल तरच पुढचे २४. गेम आर्टचे बरेच कोर्स त्या वर्गात नसतात, म्हणून अर्जाआधी कोर्सचा सीआयपी कोड (अमेरिकेतला कोर्सच्या वर्गवारीचा क्रमांक) विचारून घ्या. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं मास्टर्सला चार वर्षांची पदवी मागतात. इथे तीन वर्षांत बाहेर पडायचं की ऑनर्सचं चौथं वर्ष करायचं, ते यावरून ठरवा.

अर्जाआधी हातात काय हवं

तीन छोटे, पूर्ण झालेले गेम. एक कागदी: पत्ते, सोंगट्या किंवा लगोरीचा तो बदललेला नियम, सोबत वहीतल्या नोंदी. एक संगणकावरचा, एकच पातळी, पाच मिनिटांत संपणारा. आणि एक दोघा-तिघांनी मिळून केलेला. तिसऱ्यासाठी ग्लोबल गेम जॅम उत्तम. तो जानेवारीच्या शेवटी जगभर एकाच आठवड्यात होतो, बहुतेक ठिकाणी ४८ तासांत गेम करायचा असतो. यूसीडही त्याच महिन्यात असते, म्हणून अकरावीतच भाग घेतलेला बरा. मोठा अर्धवट गेम दाखवण्यापेक्षा लहान संपलेला दाखवा. प्रत्येकासोबत अर्धं पान लिहा: काय करायचं होतं, खेळणारे कुठे अडकले, काय बदललं.

प्रवेशाच्या दिवशी सत्रवार अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत आणि विद्यापीठाच्या नावाची पावती घ्या. प्रवेश रद्द करायची वेळ आलीच तर यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेतलं कोष्टक असं आहे: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी कळवलं तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काही नाही. खासगी अकॅडमीला हे लागू होत नाही, तिथे परताव्याची अट पावतीच्या मागे वाचून मगच सही करा. मूळ दाखले कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. ते दाखवा, सही केलेल्या झेरॉक्स प्रती द्या, आणि मूळ कागद त्याच दिवशी परत घेऊन घरी या.